क्रिएटिनिनचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात मला नागीण झाली. डाव्या बरगडीखाली आधी नुसतीच आग, आणि दोन दिवसांनी पाणीदार फोडांची रांग. आमच्या सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू काळजीने विचारायला आल्या, "वेढा पूर्ण नाही ना झाला?" नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस वाचत नाही, हा समज अंधेरीत सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टने पोचलेला आहे. (नागीण एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने उठते, त्यामुळे वेढा सहसा पूर्ण होतच नाही. काकूंना सांगितले. पटले नाही.)

आमचे डॉक्टर म्हणाले, "बाई, गोळ्या आजच सुरू करायच्यात, उशीर झाला तर उपयोग कमी. पण आधी क्रिएटिनिन करून घ्या. रिपोर्ट आला की डोस ठरवू. आणि पाणी भरपूर प्या."

फोड बरगडीवर, विषाणू मज्जातंतूत आणि तपासणी मूत्रपिंडाची! नागीण तीन आठवड्यांत गेली, पण हे कोडे डोक्यात राहिले. इतिहासाच्या शिक्षिकेला कोडे पडले की ती मागे मागे जात राहते. तशी मी गेले आणि बरीच लांब गेले. त्यातले जे हाती लागले ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई आहे, तेव्हा कोणी यावरून औषध घेऊ वा सोडू नये. पण हिशेब मला येतो, आणि ही गोष्ट बरीचशी हिशेबाचीच आहे.

माझ्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.० आले. शेजारी छापलेल्या नॉर्मलच्या मर्यादेत. मी म्हटले, चला, सुटलो. डॉक्टरांनी मात्र कागदावर आकडेमोड केली. १४० मधून माझे वय वजा केले, ७४. उरले ६६. त्याला माझ्या वजनाने गुणले, ५० किलो. झाले ३३००. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने, म्हणजे ७२ ने भागले. आले जवळपास ४६. आणि मी बाई असल्यामुळे त्याला ०.८५ ने गुणले. उत्तर ३९. मिनिटाला ३९ मिलिलिटर, एवढीच माझी गाळणी चालते. तरुण निरोगी माणसाची शंभरच्या आसपास चालते. म्हणून दिवसातून तीनदा घ्यायची गोळी मला दोनदाच मिळाली.

हे सूत्र कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये मांडले. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकते, म्हणून रक्तात तो साठला तर मूत्रपिंड मंदावले असे समजायचे. पण ज्याच्या अंगावर स्नायूच कमी, त्याचा कचराही कमी. म्हाताऱ्या किंवा किडकिडीत माणसाचे क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसते आणि मूत्रपिंड मात्र अर्ध्यावर आलेले असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

नागिणीवरच्या औषधांची मूळ आजी म्हणजे असायक्लोविर. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन यांच्या विभागात ते १९७० च्या दशकात तयार झाले. एलियनबाईंना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. (त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली नव्हती, आणि काही काळ शाळेत शिकवलेही होते. हे वाचून मला उगाचच बरे वाटले.) त्याआधी विषाणूवर औषध करणे म्हणजे घरात शिरलेला चोर मारायला घर जाळण्यासारखे होते, कारण विषाणू आपल्याच पेशीची यंत्रे वापरतो. असायक्लोविर विषाणू असलेल्या पेशीतच जागे होते, म्हणून ते इतके सुरक्षित. पण काम संपल्यावर त्याला बाहेर जायला वाट एकच, लघवीची. माणसाच्या अंगात पाणी कमी असले आणि मोठा डोस शिरेतून घाईने दिला, तर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात. साखरेचा पाक दाट झाला की कडेला खडे धरतात ना, तसे. म्हणून ते पाणी, आणि म्हणून ती आकडेमोड.

माझे कोडे इथे सुटले होते. पण वाचता वाचता मी दुसऱ्याच एका औषधापाशी पोचले, आणि त्या औषधाची गोष्ट आपल्या मुंबईतून जाते.

त्यासाठी १९८६ सालात जावे लागेल. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या, तीन ठिकाणी, एकमेकींचा पत्ता नसताना.

पहिली आपल्या जे. जे. रुग्णालयात. माझ्या वयाच्या मुंबईकरांना ती आठवत असेल. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे काही रुग्णांना ग्लिसरॉल दिले होते. ते मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला देतात. त्या रुग्णांची लघवी बंद झाली आणि १४ जण गेले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन निघाले. ते थेट मूत्रपिंड मारते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, त्याने खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची लक्तरे वेशीवर टांगली, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. हा काही औषधाचा दुष्परिणाम नव्हता, ही भेसळ होती. (आणि तिचा शेवट झाला म्हणावे तर २०२५ मध्ये त्याच रसायनाने, खोकल्याच्या औषधातून, छिंदवाड्याची लहान मुले गेली. त्यातल्या कित्येकांना उपचाराला नागपूरला आणले होते.) पण औषधाने मूत्रपिंड निकामी होते म्हणजे काय, हे मुंबईने त्या वर्षी प्रथम मथळ्यांत वाचले.

दुसरी गोष्ट मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांत भारतातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी कुटुंबातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी एड्सवर काम करणारी संस्था काढली तिला वडिलांचे नाव दिले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

तिसरी गोष्ट युरोपात. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँतोनिन होली आणि बेल्जियममधल्या लूव्हेनचे एरिक डी क्लर्क यांनी विषाणूंवर चालणाऱ्या एका नव्या जातीच्या रेणूंची माहिती 'नेचर' नियतकालिकात छापली. एक गृहस्थ पोलादी पडद्याच्या आतला, दुसरा बाहेरचा, आणि दोघांचे काम वर्षानुवर्षे चाललेले. त्या घराण्यातून पुढे तीन औषधे निघाली, सिडोफोविर, अडेफोविर आणि टेनोफोविर. तिन्ही भावंडांचा डोळा एकाच अवयवावर.

त्याचे कारण समजायला सोपे आहे. मूत्रपिंडाच्या नळीच्या पेशींना रक्तातला कचरा ओढून घ्यायची सवय असते. त्यांच्या मागच्या दाराशी हमाल उभे असतात, हे औषध दिसले की ते उचलून आत नेतात. पुढच्या दाराने ते लघवीत सोडायचे असते, पण ते दार अरुंद. आत येणारे जास्त, बाहेर जाणारे कमी, मग पेशीत औषधाची गर्दी होते. तिथे ते तंतुकणिका बिघडवते. आठवीनववीच्या पुस्तकात आपण 'पेशीचे ऊर्जाघर' म्हणून पाठ केली ती हीच. ऊर्जाघर बंद पडले की नळीचे काम थांबते. शरीराला परत हवे असलेले पदार्थ, साखर, फॉस्फेट, प्रथिने, लघवीतून वाहून जातात. रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत मात्र साखर, हे विचित्र चिन्ह त्यातलेच. फॉस्फेट गेले की हाडे ठिसूळ. माणूस येतो कंबर दुखते म्हणून आणि बिघाड निघतो मूत्रपिंडात.

थोरला भाऊ सिडोफोविर इतका जहाल निघाला की १९९६ मध्ये मंजुरी मिळाली तीही अटी घालून. आधी सलाइन लावायचे आणि सोबत प्रोबेनेसिड द्यायचे. प्रोबेनेसिड म्हणजे पूर्वी पेनिसिलिन अंगात जास्त वेळ टिकावे म्हणून देत ते. ते त्या मागच्या दाराच्या हमालांना अडवते. मधला अडेफोविर एचआयव्हीसाठी ६० मिलिग्रॅमने आणि त्याहून मोठ्या डोसांनी देऊन पाहिला. सुरुवातीला सारे छान, काही महिन्यांनी मूत्रपिंडे कुरकुरू लागली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने नकार दिला. तेच औषध २००२ मध्ये हिपॅटायटिस बी साठी मंजूर झाले, डोस फक्त १० मिलिग्रॅम. विष आणि औषध यांच्यात कधीकधी नुसता मापाचाच फरक असतो, असे आमची आजी चुन्याची डबी दाखवून सांगायची.

धाकटा टेनोफोविर, मंजुरी ऑक्टोबर २००१. भावंडांत हाच सौम्य. पण २००२ मध्येच मूत्रपिंडाच्या तक्रारींची पहिली नोंद छापून आली.

आता मुंबई. एड्सवरचे पहिले औषध झिडोव्हुडिन अमेरिकेत १९८७ मध्ये आले, किंमत ऐकूनच माणूस आडवा होईल अशी. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ए. व्ही. रामाराव यांनी ते बनवायची पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९३ मध्ये बाजारात आणले. तरी ते सामान्यांच्या आवाक्यात नव्हते. त्या वर्षांत आमच्या शिक्षकखोलीतही एड्स हा शब्द आवाज खाली आणून बोलत. मग आल्या तीन-तीन औषधांच्या जोड्या. त्यातल्या इंडिनाविर या औषधाचे तर मूत्रपिंडात चक्क खडे व्हायचे, औषधाचेच खडे, जे साध्या एक्स-रेत दिसतही नसत. ते घेणाऱ्याला रोज दीड लिटर तरी पाणी वेगळे प्यावे लागे. ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते तिथल्या माणसाला ही अट कशी वाटली असेल, याचा विचार मी वाचताना करत होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. हे शक्य झाले आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, बनवण्याच्या पद्धतीवर होते. जगभर मथळे झाले. आफ्रिकेतली लाखो माणसे ज्या गोळ्यांवर जगली त्या मुंबईच्या कंपनीने स्वस्त केल्या, याचा अभिमान वाटायलाच हवा आणि मला वाटतो.

पण त्या स्वस्त गोळीत स्टॅव्हुडिन होते. ते मूत्रपिंडाला त्रास देत नसे, ते नसा जाळायचे आणि गालांवरची चरबी खायचे. तळपायांची आग, बसलेले गाल. चाळीत, वस्तीत त्या गालांवरून लोक ओळखू लागले, 'हा त्यातला'. औषधाने जीव वाचवला आणि गुपित फोडले.

आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून फुकट औषधे द्यायला सुरुवात केली ती देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत, आणि त्यातले एक जे. जे. होते. तेच जे. जे., अठरा वर्षांनंतर. पहिल्या फळीची औषधे ज्यांना लागू पडेनाशी झाली त्यांच्यासाठी दुसऱ्या फळीची औषधे जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली ती चेन्नईजवळच्या तांबरमला आणि मुंबईला जे. जे. मध्ये. त्यात टेनोफोविर होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असे सांगितले आणि त्याच्या जागी टेनोफोविर पहिल्या फळीत येत गेले.

ते स्वस्त राहिले याचीही एक गोष्ट आहे. २००५ पासून आपला पेटंट कायदा बदलला, औषधाच्या पदार्थावरही पेटंट मिळू लागले. गिलियड कंपनीने टेनोफोविरसाठी अर्ज केला. त्याला हरकत कोणी घेतली? ते औषध ज्यांना लागणार होते त्या एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी, २००६ मध्ये. २००९ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. रुग्णांनी स्वतःच्या औषधासाठी असा कायद्याचा कीस काढावा, याचे मला आजही नवल वाटते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा असायला हवा होता. मी तो आवडीने शिकवला असता.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला हिशेब काढा. टेनोफोविरची गोळी ३०० मिलिग्रॅमची, प्रौढ माणसाला रोज एक, सगळ्यांना सारखी. मूत्रपिंडाला त्रास कोणाला जास्त होतो, हे पुढच्या वर्षांत जगभर दिसत गेले. वय जास्त असेल तर, मूत्रपिंड आधीच दमलेले असेल तर, सोबत ठरावीक दुसरी औषधे असतील तर, आणि वजन कमी असेल तर. हे शेवटचे कारण वाचून मी थांबले. ज्या देशात टीबी आणि एचआयव्ही हातात हात घालून येतात तिथे औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे वजन किती असणार?

मी कागद घेतला. पंचेचाळीस वर्षांचा ८० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०. उत्तर येते साधारण १०६. पंचेचाळीस वर्षांचीच ३८ किलोची बाई, क्रिएटिनिन तेच १.०. उत्तर येते ४३. दोघांच्या रिपोर्टात आकडा एकच, दोघांच्या हातात गोळी एकच. हा आकडा ५० च्या खाली असला तर रोजची ती गोळी देत नाहीत, एक तर दिवसाआड देतात किंवा दुसरे औषध निवडतात. पण त्यासाठी कोणी तरी वजन करायला हवे आणि हा गुणाकार-भागाकार करायला हवा. नुसता १.० बघून 'नॉर्मल' म्हणणाऱ्याला ती बाई दिसतच नाही.

माझी एक विद्यार्थिनी शहरातल्या एका सरकारी एआरटी केंद्रात बरीच वर्षे आहे. ती गुरुपौर्णिमेला न चुकता येते. तिला मी माझा कागद दाखवला. ती हसली. "बाई, हा हिशेब आम्ही रोज करतो. भिंतीवर तक्ता लावलाय." मग म्हणाली, "लोकांना वाटतं औषध फुकट मिळालं की झालं. अर्धं काम पुढेच असतं. रक्ताला बोलावलं की माणूस म्हणतो, मला बरं वाटतंय, कशाला? त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. मूत्रपिंड दुखत नाही ना बाई, दुखलं असतं तर आले असते."

हे मला कुठल्याही लेखात वाचायला मिळाले नव्हते. मूत्रपिंड गुपचूप सोसते. लघवी नेहमीसारखी होते, भूक लागते, माणूस लोकलला लटकून कामावर जातो, आणि आत नळ्या एकेक करून बंद होत असतात. वेळेत कळले आणि औषध बदलले तर बहुतेकांचे मूत्रपिंड बरेचसे सावरते. कळायला उपाय एकच, अधूनमधून एक साधी तपासणी. ३५० डॉलरच्या गोळीवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. या तपासणीवर कोणी दोन ओळी लिहीत नाही. माझ्या मते ती औषधाचाच भाग आहे. गोळी स्वस्त केली आणि तपासणी राहून गेली, तर अर्धेच औषध दिले असे म्हणावे लागेल.

ही तपासणी गरीब वस्तीत जमते का? जमते. गोवंडीत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने २००६ पासून दवाखाना चालवला. तिथे येणाऱ्यांत काहींना एचआयव्ही आणि औषधाला न जुमानणारा टीबी असे दोन्ही असे. टीबीसाठी तेव्हा जी इंजेक्शने महिनोन् महिने देत, ती कानाला आणि मूत्रपिंडाला घातक. त्यात एचआयव्हीसाठी टेनोफोविर. म्हणजे एकाच मूत्रपिंडावर दोन बाजूंनी मार. अशा ६७ रुग्णांची पाहणी त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. दुष्परिणाम भरपूर झाले होते, मूत्रपिंडाचेही. पण बहुतेकांना रुग्णालयात न ठेवता, वस्तीतल्या त्या दवाखान्यातूनच सांभाळता आले, कारण कोणी तरी सतत बघत होते. ती इंजेक्शने, कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन, वापरू नका असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. त्याआधी किती जणांचे कान आणि मूत्रपिंड गेले असेल त्याची मोजदाद कोण ठेवणार?

धाकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोविडमध्ये आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचे मरोळचे सेव्हन हिल्स महापालिकेचे मोठे कोविड रुग्णालय झाले होते. तेव्हा रेमडेसिविर हा शब्द भाजीवाल्याच्याही तोंडी होता. जून २०२० मध्ये त्याच्या भारतीय आवृत्त्यांना परवानगी मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये त्याची अशी टंचाई झाली की ११ तारखेला सरकारने निर्यात बंद केली आणि लोक चिठ्ठी घेऊन शहरभर फिरले. ज्या औषधाने जीव वाचतो की नाही याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेलाच तेव्हा शंका होती, त्यासाठी लोकांनी दागिने मोडले. आणि ज्यांचे मूत्रपिंड फार मंद (३० च्या खाली) त्यांना ते देऊ नये अशी सूचना होती, कारण इंजेक्शनात औषध विरघळवायला जो पदार्थ घालतात तो मूत्रपिंडातूनच बाहेर जातो. पुढे अभ्यास झाले आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने ही अट काढून टाकली, डायलिसिसवरच्या रुग्णांनाही द्यायला परवानगी दिली. इथे धास्तीच जास्त निघाली. तीन वर्षे डायलिसिसची माणसे उगाच वगळली गेली म्हणायचे की तेव्हा ते शहाणपणाचे होते म्हणायचे? मला वाटते, तेव्हा शहाणपणाचेच होते. न तपासता धीट होण्यापेक्षा तपासून अट काढणे बरे.

टेनोफोविरचे सुधारलेले रूपही आले आहे. नाव टेनोफोविर अलाफेनामाइड, एचआयव्हीसाठी मंजुरी नोव्हेंबर २०१५. ते रक्तात फुटत नाही, बहुतेक करून पांढऱ्या पेशीच्या आत गेल्यावर उघडते, म्हणून ३०० ऐवजी २५ मिलिग्रॅमच पुरतात आणि रक्तात फिरणारे टेनोफोविर ९० टक्क्यांनी कमी होते. मूत्रपिंडाच्या दाराशी उभ्या हमालांना उचलायला मालच नाही. मात्र याचे काम कंपनीने २००४ मध्ये थांबवले होते आणि काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले. जुन्या गोळीचे पेटंट संपेपर्यंत नवी मुद्दाम मागे ठेवली, असा आरोप करून अमेरिकेत हजारो रुग्णांनी दावे लावले. कंपनी आरोप मानत नाही. खरे काय ते कोर्ट बघेल. पण मधल्या वर्षांत ज्यांची मूत्रपिंडे आणि हाडे गेली त्यांना हा वाद वाचताना काय वाटत असेल ते वेगळे सांगायला नको.

होली मात्र हे बघायला राहिले नाहीत. ते १६ जुलै २०१२ ला गेले, आणि त्याच दिवशी अमेरिकेत त्यांच्या टेनोफोविरची गोळी निरोगी माणसाला एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायला मंजुरी मिळाली. म्हणजे आता ज्याला आजारच नाही त्याच्याही मूत्रपिंडाचा हिशेब ठेवायचा.

नवी गोळी भारतीय कंपन्याही बनवतात, हिपॅटायटिस बी साठी ती दुकानात मिळते. पण २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत एचआयव्हीबाधितांसाठी जी मुख्य गोळी सांगितली आहे तिच्यात जुनेच टेनोफोविर आहे, सोबत लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅविर. त्यातही गंमत अशी की डोलुटेग्रॅविरमुळे क्रिएटिनिनचा आकडा सुरुवातीला थोडा वाढतो, मूत्रपिंडाला काही झालेले नसताना. ते फक्त क्रिएटिनिनची बाहेर पडायची एक वाट अडवते. म्हणजे मघाशी नॉर्मल आकडा फसवत होता, आता वाढलेला आकडा फसवतो! भिंतीवरच्या तक्त्याशेजारी अनुभवी माणूसही हवा तो यासाठी.

मी विद्यार्थिनीला विचारले, "मग तुमच्याकडे ती पंचवीसची कधी येणार?"

"माहीत नाही बाई. आमच्याकडे तीनशेचीच आहे."

"मग काय करता?"

"काय करणार? काट्यावर उभं करायचं, रक्त घ्यायचं, मोबाइल नंबर आणि पत्ता दोनदा विचारून नीट लिहून घ्यायचा. आकडा खाली आला आणि माणूस परत आला नाही, तर त्याच्या घरी जाता आलं पाहिजे ना."